वेगवेगळ्या काळातले दोन कॉलेजवाले आणि प्रेम: ज्याला पुढचं माहीत आहे त्याने काय करायचं?

कातरवेळ

काळप्रवासाच्या प्रेमकथा मला मनापासून आवडतात, आणि त्यातही दोघं कॉलेजातली असली की जास्तच, कारण त्या वयात काहीच ठरलेलं नसतं, काय शिकायचं, काय व्हायचं, कुणाबरोबर राहायचं, सगळं अजून व्हायचं असतं. पण अशा कथा वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचते म्हणून हा धागा.

समजा ती २०२४ मधली आणि तो १९३८ मधला. कॉलेज तेच, लायब्ररी तीच, मध्ये ८६ वर्षं. बहुतेक कथांमध्ये पुढे काय होतं, ती त्याला फोन दाखवते, तो थक्क होतो, ती त्याच्या अक्षराच्या प्रेमात पडते, मग परत जायची वेळ येते आणि ताटातूट. या सगळ्यात एक भलीमोठी गोष्ट कुणी काढतच नाही, ती म्हणजे ती त्याचं पुढचं अख्खं आयुष्य शोधून काढू शकते. कॉलेजचं जुनं रजिस्टर असतं, वार्षिक अंक असतात, बॅचचे फोटो असतात, आणि १९३८ चा मुलगा म्हटल्यावर पुढच्याच वर्षी युद्ध आहे, कितीतरी कॉलेजांमध्ये त्या युद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत, ती रोज त्या भिंतीवरून जात असेल. त्याला मात्र तिच्याबद्दल शोधायला काहीच नाही, तिचा जन्मच व्हायचाय.

माझ्या मते हा फरक कपड्यांच्या, भाषेच्या, मोबाइलच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. एकाला दुसऱ्याचा शेवट माहीत आहे आणि दुसऱ्याला हेसुद्धा माहीत नाही की याला माहीत आहे. मग ही दोघं बरोबरीची कशी? तिने बघितलं का, बघितलं तर सांगितलं का, त्याला ऐकायचं होतं का, एवढं झाल्याशिवाय मला तरी ते प्रेम पटत नाही. स्वतः अशी एक गोष्ट लिहायला घेतलीये म्हणून जास्त विचार करतेय. तुम्हा सगळ्यांचं काय म्हणणं?

पानगळ

कातरवेळ, विषय छान काढलात पण मी सहमत नाही. प्रेमात पडलेली वीस वर्षांची मुलगी पहिल्या आठवड्यात रजिस्टर उघडून बसेल असं मला वाटत नाही, आणि बसली तर ती प्रेमात नाहीये, अभ्यास करतेय. मला अशा कथांमध्ये जे आवडतं ते अगदी बारीक असतं. त्याला लॉगॅरिदमची कोष्टकं तोंडपाठ असल्यासारखी वापरता येतात, तिने ती कधी पाहिलीही नाहीत. तो एका कागदावर चार ओळी लिहायच्या आधी विचार करतो कारण खोडायची सोय नाही. ती रोज शंभर मेसेज टाकते आणि त्यातला एकही आठवत नाही. दोघांच्या लक्ष देण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, प्रेम तिथून सुरू होतं. शेवट कळण्याचा भाग आला की गोष्ट मृत्यूची होते, प्रेमाची राहत नाही.

आणि तिने बघूच नये. न बघणं हीच तिने त्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट असेल.

अणुरेणू

मी फिजिक्सवाला आहे त्यामुळे माझा प्रश्न आधीचा आहे. तुमच्या गोष्टीत काळाचा नियम कुठला? कारण सांगायचं की नाही याचं उत्तर नियमाप्रमाणे पार बदलतं.

एक प्रकार असा की भूतकाळ एकच आहे आणि जे घडलं ते घडलं. १९८० च्या दशकात रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोविकोव्ह यांनी हे नीट मांडलं, काळात मागे जाणं शक्य असेल तरी विसंगती निर्माण करणाऱ्या घटना घडूच शकत नाहीत, म्हणजे तुम्ही मागे जाऊन जे काही कराल ते इतिहासात आधीपासूनच धरलेलं आहे. या नियमात तिने त्याला ‘युद्धावर जाऊ नकोस’ सांगितलं तरी भिंतीवर नाव आहे ते आहेच, उलट तिच्या सांगण्यामुळेच तो दुसऱ्या तुकडीत गेला आणि तिथे मारला गेला असंही होऊ शकतं. दुसरा प्रकार फाट्यांचा, तिने सांगितलं की जगाला नवी फांदी फुटते, तो त्या फांदीत वाचतो, पण तिच्या मूळ जगातल्या भिंतीवरचं नाव तसंच राहतं. पहिल्यात सांगून उपयोग नाही, दुसऱ्यात सांगून तो वाचतो पण तिच्या जगात नाही. लेखक बऱ्याचदा दोन्ही नियम एकाच कथेत वापरतात, पहिल्या अर्ध्या भागात हा आणि क्लायमॅक्सला तो, आणि तिथे माझा कथेवरचा विश्वास उडतो.

अजून एक, जे कथाकारांनी वापरायला हवं पण फार कमी वेळा दिसतं. १९८८ मध्ये मॉरिस, थॉर्न आणि युर्टसेव्हर या भौतिकशास्त्रज्ञांनी वर्महोलपासून (म्हणजे अवकाशातल्या दोन ठिकाणांना जोडणारा कल्पित बोगदा) कालयंत्र कसं होऊ शकेल याचा पेपर लिहिला. त्यात एक अट आपोआप येते, ते यंत्र तयार होण्याच्या आधीच्या काळात तुम्ही जाऊ शकत नाही. म्हणजे आज यंत्र बनवून १९३८ ला जाता येणार नाही, १९३८ च्या कॉलेजात कुणीतरी ते दार उघडलेलं असायला हवं. आता बघा गोष्ट कुठे जाते! तो मुलगा भाबडा, फोन बघून थक्क होणारा राहतच नाही. दार त्याने किंवा त्याच्या लॅबमधल्या कुणीतरी उघडलंय, पुढून कुणीतरी येईल हे त्याला अपेक्षित आहे, आणि म्हणजे येणाऱ्याला आपला शेवट माहीत असेल हेही त्याला माहीत आहे. कातरवेळ, तुमचा जो मूळ आक्षेप आहे की त्याला कल्पनाच नाही, तो इथे सुटतो.

जुनी_वही

अणुरेणू, हे दाराचं फारच आवडलं, दोनदा वाचलं.

मी जुन्या कागदपत्रांचं काम करते त्यामुळे माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी जातं, की ती पुढच्या काळातली आहे हे तिने पटवायचं कसं. फोन दाखवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कंटाळवाणा मार्ग. खरे पुरावे अंगावर आणि कागदावर असतात. तिच्या वहीचं पान अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरा, निळसर चमकेल, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची ती रसायनं साधारण १९५० नंतर सर्रास आली. १९३८ चा कागद तसा चमकणार नाही. खोटी जुनी कागदपत्रं पकडायला ही युक्ती खरोखर वापरतात. दुसरं म्हणजे दात. १९५० आणि ६० च्या दशकात हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झाला, १९६३ च्या बंदी करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, लहानपणी एकदा बनतं आणि मग बदलत नाही, त्यामुळे त्यातल्या कार्बनवरून माणूस कुठल्या साली जन्मला हे साधारण दीड-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येतं. तो मुलगा आजच्या काळात आला आणि कुणी त्याचा दात तपासला तर त्यात बॉम्बचा कार्बन अजिबात सापडणार नाही, वीस वर्षांच्या तरुणाचा दात अणुयुगाच्या आधीचा! लॅबमध्ये हे बघणारी ती स्वतः असेल तर त्या क्षणी तिला काय वाटेल याचा विचार करा.

आणि देवीची लस. देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण १९७७ चा, १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं आणि लस देणं थांबलं. तिच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण नाही, त्याच्या असण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणजे ती मागे गेली तर ती धोक्यात आहे. उलट पेनिसिलिन १९२८ ला सापडलं तरी औषध म्हणून मिळायला १९४० चं दशक उजाडलं, तेव्हा १९३८ च्या मुलाला साधी जखम चिघळून जीव जायची भीती आहे आणि तिच्या बॅगेत गोळ्यांचं पाकीट आहे. पानगळ, तुम्ही म्हणता तिने रजिस्टर बघू नये, ठीक, पण हात सुजून तापाने फणफणलेला मुलगा समोर असताना ती गोळ्या देणार नाही का? आणि दिल्या तर तो मूळ इतिहासात जगला होता की नाही हे तिला कळायला नको?

पानगळ

गोळ्या देईलच. एका क्षणात देईल, रजिस्टर न बघता देईल. माझं म्हणणं तेच आहे, प्रेमात माणूस समोरच्याला बघून वागतो, नोंदी बघून वागत नाही.

कातरवेळ

सगळ्यांचे प्रतिसाद फार चांगले आहेत, मनापासून आभार.

पानगळ, तुमचं ‘न बघणं’ मला भावतं पण ते शक्य आहे का? १९३८ म्हटल्यावर तिने रजिस्टर उघडलं नाही तरी १९३९ तिला माहीतच आहे, शाळेत शिकलीये. तो म्हणतो डिग्री झाली की पुढची तीन वर्षं इथे, मग तिथे, आणि ती ऐकते. तिचा चेहरा बदलेल, त्याला ते दिसेल. न बघण्याचा निर्णय घेऊनसुद्धा तिला अर्धं माहीत आहे, आणि त्याच्या प्रत्येक बेतावर ती गप्प बसते तेव्हा ती त्याच्याशी खोटं बोलतेय असं मला वाटतं. दोन काळांमध्ये जितकं अंतर कमी तितकं हे जास्त बोचणार. ती १६०० सालात गेली असती तर कोणाचं काय झालं हे तिला ढोबळही माहीत नसतं, ८६ वर्षांत मात्र सगळं लिहिलेलं आहे, आणि कदाचित त्याचे नातेवाईकही जिवंत आहेत.

अणुरेणू, दाराची कल्पना मी चोरतेय, आधीच सांगून ठेवते.

उंबरठा

पहिल्यांदाच लिहितेय. माझं काम आनुवंशिक आजारांच्या कुटुंबांबरोबर आहे आणि हा धागा वाचताना मला राहून राहून वाटत होतं की हा प्रश्न कालयंत्राशिवायही लोकांसमोर रोज येतो.

हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के, साधारण तिशी-चाळिशीत सुरू होतो, बरा करणारा उपाय नाही. १९९३ मध्ये त्याचा जीन सापडला आणि तेव्हापासून ठणठणीत असलेल्या विशीतल्या मुलालाही एका रक्ततपासणीत सांगता येतं की हा आजार तुला होणार का. म्हणजे तुमच्या रजिस्टरचं पान. आणि माहितीये काय झालं? तपासणी यायच्या आधी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की आली की आम्ही करून घेऊ, आणि आल्यावर बहुतेकांनी करून घेतली नाही. जेम्स वॉटसन, डीएनएची रचना मांडणाऱ्यांपैकी एक, त्यांनी २००७ मध्ये स्वतःचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, जगासमोर ठेवला, पण अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एका जीनची माहिती मात्र वगळायला सांगितली, स्वतःलाही कळवू नका म्हणाले. न कळण्याचा हक्क म्हणतात तो हाच.

म्हणून मला वाटतं बघायचं की नाही हा तिचा निर्णयच नाही, तो त्याचा आहे. आम्ही तपासणीच्या आधी माणसाशी बोलतो, कधी एकापेक्षा जास्त वेळा, आणि निकाल तयार असला तरी तो ‘आता नको’ म्हणू शकतो. जोडपं आलं की सगळ्यात अवघड असतं, कारण एकाला जाणून घ्यायचं असतं आणि दुसऱ्याला नाही, आणि एकाला कळलं की ते दुसऱ्यापासून लपत नाही, वागण्यातून बाहेर येतंच. कातरवेळ, तुम्ही चेहरा बदलेल म्हणालात ते अगदी खरं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ‘तुला ऐकायचंय का’ हा प्रश्नसुद्धा तिने सगळं बघून झाल्यावर विचारला तर त्यात उत्तर मिसळलेलं असतं. चांगली बातमी असेल तर माणूस एका आवाजात विचारतो आणि वाईट असेल तर दुसऱ्या. त्यामुळे तिने बघायच्या आधी विचारायला हवं. तिला काहीही माहीत नसताना.

निळी_शाई

उंबरठाताई, फार सुंदर लिहिलंत, लिहीत राहा.

मी उलट्या दिशेने एक भर घालतो. मागे जाणं आजवर कुणाला जमलेलं नाही, पण पुढे जाणं खरं आहे, मोजलेलं आहे. १९७१ मध्ये हॅफेली आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि वेगामुळे व गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्या चालीत पडणारा फरक मोजला, जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त करावं लागतं. तर मग फक्त खरं फिजिक्स वापरून ही गोष्ट लिहायची असेल तर दोघं आधी एकाच वर्गातली हवीत. दोघं २० वर्षांची. तो प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाच्या यानातून जातो, इतक्या वेगात त्याचा काळ मंदावतो, म्हणून त्याची ४ वर्षं, पृथ्वीची ४०. परत येतो तेव्हा तो २४ आणि ती ६०.

इथे कातरवेळ यांचा मूळ प्रश्न उलटा होतो. ज्याने काळ ओलांडला त्यालाच काही माहीत नाही. तिच्याकडे ४० वर्षं आहेत, तिने जगलेली, आणि त्याच्याकडे फक्त ती वीस वर्षांची असतानाची आठवण आहे, जी त्याच्यासाठी चारच वर्षं जुनी, ताजी. आणि तो तिला विचारू शकतो, ‘सांग मी नसताना काय झालं’. ती सांगेल किंवा नाही सांगणार. पण ती समोर बसून सांगणार, स्वतःच्या तोंडाने. रजिस्टरमधून कळणं आणि हे कळणं यात मला फार फरक वाटतो. हिला शोकांतिका म्हणायलाही मी तयार नाही.

अणुरेणू

निळी_शाई, गणित बरोबर आहे, ९९.५ टक्क्यांना काळ जवळजवळ बरोबर १० पटीने मंदावतो.

उंबरठा यांचा मुद्दा माझ्या दाराला जोडला तर मस्त जमतं. दार उघडणाऱ्या मुलाने नियम आधीच लिहून दारावर लावलेला असेल, जो कोणी पुढून येईल त्याने माझ्याबद्दल काहीही न बघता यावं. आणि ती ज्या दिवशी येते त्या दिवशी तो पहिला प्रश्न हाच विचारतो. खरं बोलली की खोटं हे वाचकाला शेवटपर्यंत कळू नये.

जुनी_वही

परत आले कारण रजिस्टरचा विषय निघाला आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. तुम्ही सगळ्यांनी मागच्या काळातला मुलगा धरलाय. ती मुलगी असती तर?

१९३८ च्या मुलीला नोंदींमध्ये शोधून बघा. केंब्रिजमध्ये मुलींचं पहिलं कॉलेज १८६९ चं, पण मुलींना मुलांच्या बरोबरीने पूर्ण पदवी मिळाली १९४८ मध्ये. ऑक्सफर्डने १९२० मध्ये दिली. प्रिन्स्टन आणि येलने पदवीच्या वर्गात मुली घेतल्या १९६९ मध्ये. म्हणजे कितीतरी मुली त्याच पुस्तकांवर शिकत होत्या, परीक्षा देत होत्या आणि विद्यापीठाच्या मुख्य यादीत त्यांचं नाव नव्हतं. मग लग्न झालं की आडनाव बदलायचं, बऱ्याच कागदांवर फक्त नवऱ्याच्या नावाने उल्लेख. युद्धाच्या पाटीवर मुलांची नावं आहेत, घरी राहिलेल्या मुलींची कोण कोरणार? मी हे काम करताना अनेकदा बघते, एक हुशार मुलगी दोन वर्षं कॉलेजच्या अंकात दिसते, निबंध लिहिते, वादविवादात भाग घेते, आणि मग धागा तुटतो. मेली म्हणून असं नाही. नाव बदललं म्हणून, नाहीतर कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून.

तर आजचा मुलगा १९३८ च्या मुलीच्या प्रेमात पडला, आणि तो पानगळ यांच्यासारखा सज्जन नाहीये, त्याने ठरवून सगळं शोधलं, तरी त्याला काही सापडणार नाही. कातरवेळ, पुढचं शोधून काढायची जी ताकद तुम्ही म्हणता तीच त्याच्याकडे नाही. आणि तिने विचारलं की ‘माझं पुढे काय झालं’, तर त्याला सांगावं लागेल की तुझं काहीच सापडत नाही, आणि ते का सापडत नाही हे त्या मुलीला त्याच्यापेक्षा जास्त चांगलं कळेल. तिला राग येईल. यायलाच हवा.

पानगळ

जुनी_वही, हे वाचून माझं मत हललं. न बघणं मोठेपणाचं असतं जेव्हा बघण्यासारखं काही असतं. हिच्या बाबतीत मी म्हणेन त्याने शोधावं, जीव तोडून शोधावं, आणि तिच्यासमोर बसून शोधावं. तिला माहीत असलेल्या गोष्टी तिने सांगाव्यात, मैत्रिणींची नावं, टोपणनावं, कुठल्या नावाने लिहायची, ज्यांच्या आधाराने त्याला पुढे माग काढता येईल. मग ते दोघांचं मिळून होईल.

उंबरठा

आणि मध्येच ती ‘थांब, पुढे नको’ म्हणाली तर थांबावं. तेवढं गोष्टीत असू द्या.

कातरवेळ

झालं, ठरलं. माझी १९३८ वाली आता मुलगी आहे आणि दारही तिनेच उघडलंय, फिजिक्सच्या लॅबमध्ये, जिथे तिला मदतनीस म्हणून काम करू देतात पण पेपरवर नाव घालत नाहीत. तो २०२४ मधला आहे आणि त्याला कॉलेजच्या संग्रहात पार्टटाइम काम आहे, जुने अंक स्कॅन करायचं. तिच्या निबंधाखाली पूर्ण नाव न छापता फक्त दोन अक्षरं छापलेली आहेत. उंबरठाताईंचं ‘थांब’ कुठे येईल हेही मला दिसतंय, त्याला एक लग्नाची नोंद सापडते जी बहुतेक तिची आहे, तो वर बघतो आणि तिला कळतं.

अणुरेणू, एकच विचारायचंय, दार तिने १९३८ मध्ये उघडलं आणि युद्धात ती लॅब बंद झाली तर दोन्हीकडून ये-जा चालू राहील का, की दुसरं टोक २०२४ पर्यंत कुणीतरी सांभाळलेलं असायला लागेल? कारण सांभाळलेलं असेल तर ते कुणी सांभाळलं हा माझ्या गोष्टीचा दुसरा भाग आहे.

अणुरेणू

सांभाळलेलं असायला लागेल. थॉर्न यांच्या मांडणीत वर्महोलचं तोंड उघडं ठेवायला ऋण ऊर्जेचं काहीतरी सतत लागतं, नाहीतर ते मिटतं. ८६ वर्षं कुणीतरी रोज ते काम केलंय. आणि ती १९३८ मध्ये २० वर्षांची असेल तर १९९८ मध्ये ८० ची, म्हणजे त्यातली निदान ६० वर्षं तिनेच केलं असू शकतं, त्याचा जन्म होईपर्यंत किंवा त्याच्या जवळपास. हे त्याला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा.